जळगावात अजिंठा सोडून काय दाखवू? आई-बाबा येतायत

साताऱ्याची लेक

नमस्कार मंडळी. बदली होऊन मार्चमध्ये जळगावात आले. खोली महाबळला, ऑफिस कोर्ट चौकाकडे, रोजचा रस्ता ठरलेला, रविवारी धुणं आणि झोप. आठ महिन्यात मी जळगावात काय बघितलं तर गोलाणी मार्केट आणि ऊन. (एप्रिल-मेमध्ये इथं ऊन हेच बघायचं असतं, बाकी काही बघायला बाहेर पडूच शकत नाही.)

आता दिवाळीनंतर कार्तिकात आई-बाबा येतायत, महाराष्ट्र एक्स्प्रेसने, चार दिवस. ऑफिसमध्ये ज्याला विचारावं तो एकच सांगतो, "जळगावात काय आहे मॅडम, अजिंठ्याला घेऊन जा." अजिंठा आमचा दोनदा झालाय. गांधीतीर्थ मी ऑफिसच्या लोकांबरोबर बघितलंय, छान आहे, तिथं नेणारच आहे, पण तो अर्धा दिवस झाला. उरलेल्या साडेतीन दिवसांचं काय?

बाबा रिटायर्ड शिक्षक, मराठीचे. त्यांना मॉल, गार्डन, बोटिंग असलं काही नको, एखादी जुनी भिंत दाखवली तरी तासभर उभे राहतील. आईचा गुडघा दुखतो म्हणून किल्ला, डोंगर, पायऱ्या बाद. आणि प्लीज पाल, मनुदेवी, पाटणादेवी, उनपदेव सांगू नका, ते मॅपवर मलाही दिसतं. मला शहरातलं पाहिजे, जास्तीत जास्त आसपासचं. एवढं मोठं गाव आहे, काहीतरी असेलच की.

बडगीवाला

जन्म जळगावचा, शाळा जळगावची, कॉलेज मू.जे., आणि तुमचा प्रश्न वाचून पहिलं डोक्यात काय आलं सांगू? "अजिंठ्याला घेऊन जा." 😄 खरं सांगतो भो, आमच्याकडे पाहुणा आला की आम्ही त्याला पहिले जेवायला घालतो मग झोपायला सांगतो, दाखवायचं काही असतं हे आमच्या डोक्यातच नाही.

तरी माझ्याकडून, मेहरूण तलाव सकाळी सहाला, उशिरा नको. लांडोरखोरी, मोहाडी रोडला, वनखात्याचं आहे, सपाट चालायचा रस्ता, मोर दिसतात, आईंच्या गुडघ्याला चालेल. आणि मेहरूणची बोरं, पण ती कार्तिकात नसतात, संक्रांतीच्या आसपास या. बाकी जाणकार सांगतीलच, मी खायच्या मुद्द्यावर परत येतो.

जुनी पेठ

ताई, तुम्ही महाबळला राहता आणि कोर्ट चौकाकडे जाता म्हणजे रोज काव्यरत्नावली चौकातून जात असणार. त्या चौकाचं नाव तसं का, हे कधी कोणाला विचारलंत का?

नसेल विचारलं. मीही पन्नाशीपर्यंत विचारलं नव्हतं, आणि मी याच गावचा. चौकात गाडी वळवायची, सिग्नलला शिव्या घालायच्या आणि पुढं जायचं. मग एकदा जिल्हा वाचनालयात एका वयस्कर गृहस्थांशी गप्पा मारताना कळलं की 'काव्यरत्नावली' हे मासिक होतं. फक्त कवितांचं. दुसरं काही त्यात छापायचंच नाही. आणि ते पुण्या-मुंबईतून निघत नव्हतं, आपल्या जळगावातून निघत होतं, १८८७ पासून. नारायण नरसिंह फडणीस नावाचे गृहस्थ ते चालवायचे, नाना फडणीस म्हणायचे त्यांना, आणि १९३५ पर्यंत म्हणजे जवळजवळ पन्नास वर्षं ते चाललं. केशवसुतांच्या कविता त्यात आल्यात. विचार करा, त्या काळी जळगाव म्हणजे कापसाच्या गाठी, जिनिंग, रेल्वेचा माल आणि दलाल, एवढंच. १९०६ ला खान्देशचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले तेव्हा कुठं हे जिल्ह्याचं ठिकाण झालं, त्याच्याही एकोणीस वर्षं आधी इथून कवितांचं मासिक पोस्टात पडत होतं.

आणि त्याच्यापुढची गोष्ट. १९०७ साली जळगावात कवींचं संमेलन भरलं. अध्यक्ष होते कर्नल कीर्तिकर, डॉक्टर माणूस. तिथं धरणगावचा एक सोळा-सतरा वर्षांचा पोरगा उभा राहिला आणि त्याने कविता म्हटल्या. ऐकून कीर्तिकरांनी त्याला तिथंच पदवी दिली, 'बालकवी'. त्र्यंबक बापूजी ठोंबरे. तुमच्या वडिलांनी वर्गात शेकडो पोरांकडून त्यांच्या कविता पाठ करून घेतल्या असतील, पण ते नाव त्यांना कुठल्या गावात मिळालं हे ते सांगू शकतात का, विचारून बघा.

चौकात 'बघायला' फार काही नाही हे आधीच सांगतो, नाहीतर मला शिव्या द्याल. पण बाजूला भाऊंच्या उद्यानात बाकावर बसवून वडिलांना एवढं सांगा, पुढचा तास ते बोलतील.

साताऱ्याची लेक

काका, मी आठ महिने समजत होते की रत्नावली हे सराफाच्या दुकानाचं नाव आहे!! खरंच. जळगाव म्हणजे सोनं, सोनं म्हणजे रत्नावली, मग कधीकाळी तिथं काव्यरत्नावली ज्वेलर्स असेल आणि दुकान गेलं नाव राहिलं असं मीच माझ्या मनाशी जुळवून टाकलं होतं. बाबांना हे कळलं तर घरात घेणार नाहीत.

त्यांना फोनवर काही सांगितलेलं नाही, इथं आल्यावरच विचारणार. अजून सांगा.

माहेर आसोदा

मग तुमच्या बाबांसाठी दुसरा दिवस माझ्याकडून. जुन्या जळगावात चौधरी वाडा आहे, बहिणाबाईंचा. त्या तिथं सून म्हणून आल्या आणि आयुष्य तिथंच गेलं, आता तिथं त्यांच्या वस्तूंचं छोटं संग्रहालय केलंय. रिक्षावाल्याला फक्त "बहिणाबाई" सांगाल तर तो तुम्हाला विद्यापीठाकडे घेऊन निघेल, कारण आता विद्यापीठालाही त्यांचंच नाव आहे. तेव्हा "जुनं जळगाव, चौधरी वाडा" असं सांगा. गल्ल्या अरुंद आहेत, शेवटचं थोडं चालावं लागेल.

तिथं गेल्यावर काय बघायचं तर घरातल्या वस्तू. रोजच्या वापरातल्या, आमच्या आजीच्या घरी होत्या तशाच. शहरातले लोक म्हणतात एवढंच? मला तर तिथं उभं राहिलं की एकच वाटतं, ह्या बाईला लिहिता वाचता येत नव्हतं, काम करता करता जे म्हटलं ते मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने उतरवून घेतलं म्हणून राहिलं. त्या १९५१ च्या डिसेंबरात गेल्या आणि पुस्तक निघालं १९५२ ला. म्हणजे आपलं छापलेलं नाव त्यांनी पाहिलंच नाही.

आणि वाडा बघून झाला की आसोद्याला जा, सहा-सात किलोमीटर असेल, रेल्वेच्या पलीकडे. त्यांचं माहेर. माझंही 🙂 गाव म्हणून साधं गाव आहे, केळीचे मळे, विहिरी, पारावर म्हातारे. पण कान उघडे ठेवा. आमच्याकडे बोलतात ती लेवा बोली, त्यात 'ळ' चा 'य' होतो, केळीला केयी म्हणतील, जळगावला जयगाव. बाबा मराठीचे शिक्षक आहेत ना, त्यांना म्हणावं बहिणाबाईंची भाषा पुस्तकात वाचली, आता पारावर बसून ऐका.

भुसावळ पॅसेंजर

वरच्या ताईंनी आसोदा सांगितलं आणि जुन्या पेठवाल्या काकांनी बालकवी सांगितले पण दोघांनी मधला दुवा सोडला. आसोद्याहून तोच रस्ता पुढं भादलीला जातो. भादली स्टेशन. बालकवी तिथं गेले, ५ मे १९१८, रेल्वे अपघातात. वय सत्तावीस.

मी रेल्वेत गार्ड होतो, आता रिटायर. भुसावळ–जळगाव ह्या पट्ट्यात किती फेऱ्या मारल्या याचा हिशोब नाही. मालगाडी घेऊन निघालं की बऱ्याचदा भादलीला सिग्नल मिळायचा नाही, उभं राहायचं, मागं शेवटच्या डब्यात मी एकटा, हातात दिवा, आजूबाजूला केळी आणि बेडूक. नोकरीच्या पंधराव्या वर्षी मला एका शिक्षकाने गाडीत सांगितलं की बालकवी इथं गेले. तोपर्यंत भादली म्हणजे माझ्यासाठी लेट होण्याचं ठिकाण. त्या रात्री परतीला पुन्हा तिथंच सिग्नल लागला तेव्हा उतरून जरा रुळाच्या कडेने चाललो, उगाच. काही दिसण्यासारखं नव्हतं. खडी आणि गवत.

तेव्हा जाल तर स्टेशन बघून या, पण रुळावर उतरू नका, फोटोच्या नादात तर अजिबात नाही. त्या मार्गावर आता गाड्या फार आहेत आणि मालगाडी लांबून हळू दिसते पण हळू नसते. हे गार्ड म्हणून सांगतोय.

एक बघा, १९०७ ला जळगावात नाव मिळालं आणि अकरा वर्षांनी तिथून बारा-पंधरा किलोमीटरवर संपलं. मधल्या काळात रेव्हरंड टिळकांकडे नगरला राहिले वगैरे ते तुमचे बाबा जास्त सांगतील.

बडगीवाला

च्यायला. मी वीस वर्षं भादलीच्या फाट्याला भरीत खायला जाऊन राहिलो आणि हे मला माहीत नाही. काका, वाचून जरा गप्प झालो.

बरं पण ताई, कार्तिकात म्हणजे नक्की कधी? एकादशी धरून येतायत का? तसं असेल तर बाकी सगळं सोडा आणि रथ बघा. जळगावचा रथ बाहेर कोणाला माहीत नाही, आम्हाला वाटतं सगळ्या जगाला माहीत आहे. कार्तिकी एकादशीला जुन्या जळगावातल्या राममंदिरातून रथ निघतो, १८७२ पासून, अप्पा महाराजांनी सुरू केला. त्याच्या आधीच्या दिवसांत रोज रात्री वाहनं निघतात, कधी घोडा, कधी हत्ती, सिंह, मोर, गरुड, अशी एकेक. आमचं लहानपण आज कोणतं वाहन आहे हे विचारण्यात गेलं.

रथाचं खरं बघायचं ते रथावर नाही, चाकाखाली. रथ लाकडी, उंच, केळीचे खांब, झेंडूच्या माळा, माणसं दोर धरून ओढतात, आणि त्याला ना ब्रेक ना स्टेअरिंग. मग थांबवायचा कसा, वळवायचा कसा? मोगरी लावून. मोगरी म्हणजे लाकडाची जाड पाचर, लांब दांड्याची. माझे मामा मोगरी लावायचे. चालत्या रथाच्या चाकाबरोबर वाकून मागं मागं सरकायचं, मोगरी चाकाच्या पुढं धरायची, आणि नेमक्या क्षणी आत सारायची. चाक तिच्यावर चढतं, करकरतं, सगळा रथ वर एक हिसका खातो आणि उभा राहतो. वळणावर एका बाजूच्या चाकाला लावतात, दुसरं चाक फिरत राहतं, रथ वळतो. हात काढायला अर्धा सेकंद उशीर झाला तर बोटं जातात. मामा सणाच्या दिवशी सकाळपासून कोणाशी बोलायचे नाहीत. संध्याकाळी घरी आले की मामी त्यांच्या तळहाताला तेल लावायची, आणि ते तेव्हा बोलायला लागायचे.

उभं कुठं राहायचं म्हणाल तर सुभाष चौकाच्या वळणाला, पण आईंना घेऊन गर्दीत घुसू नका, ओळखीच्या कोणाची तरी गॅलरी बघा. ऑफिसमध्ये विचारा, जुन्या गावातलं कोणी ना कोणी निघेलच, आणि जळगावचा माणूस गॅलरीला नाही म्हणत नाही.

जुनी पेठ

ह्यात एक भर घालतो, कारण बाहेरच्या लोकांना हे कोणी सांगत नाही. रथ भिलपुऱ्यात गेला की तिथं लालशा बाबांची समाधी आहे, तिथं रथ थांबतो आणि रथाकडून चादर चढवली जाते. रामाचा रथ. त्याचं कोणी भाषण करत नाही, बॅनर लावत नाही, तो मार्गातला एक थांबाच आहे, बाकीच्या थांब्यांसारखा. रथ परत यायला मध्यरात्र होते, तुमच्या आईंना तेवढं जमायचं नाही, पण वडील राहिले तर राहू द्या.

लळिंगचा वारा

आते बोला! चार दिवसमां चार येळा जयगाव, अन धुये कोठे गये भो?

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. आमच्या धुळ्याला कोणी पर्यटक येत नाही, हायवेवरून नाशिक-इंदूर जाणारे चहा प्यायला थांबतात तेवढंच. पण ताई, तुम्ही साताऱ्याच्या आहात म्हणून मुद्दाम सांगतो. तुमचे बाबा सज्जनगडावर किती वेळा गेले असतील? मग त्यांना विचारा, समर्थ रामदासांच्या हातचं लिखाण कुठं आहे. धुळ्यात आहे. समर्थ वाग्देवता मंदिर. नाव मंदिर, पण आत जपलेली आहेत ती बाडं, हस्तलिखितं. शंकर श्रीकृष्ण देव, धुळ्याचे नानासाहेब देव, त्यांनी मठामठात फिरून ही बाडं गोळा केली आणि १९३५ ला हे मंदिर उभं केलं. समर्थांनी स्वतःच्या हाताने उतरून काढलेलं वाल्मिकी रामायण तिथं ठेवलेलं आहे. साताऱ्याचा ठेवा खान्देशात आहे आणि साताऱ्याच्या लोकांनाच माहीत नाही हे आम्हाला नेहमीचंच झालंय.

दुसरं, राजवाडे संशोधन मंडळ. इतिहासाचार्य राजवाडे, महाराष्ट्रभर पायी फिरून लोकांच्या माळ्यावरची दप्तरं वाचवणारा माणूस. ते ३१ डिसेंबर १९२६ ला धुळ्यात गेले आणि लगेच १९२७ ला लोकांनी त्यांच्या नावाने मंडळ काढलं. जुन्या मूर्ती, कागद, पोथ्या. बाबांना तिथं सोडून तुम्ही पाच कंदीलला खरेदी करून या, त्यांना कळणार पण नाही तुम्ही गेला होता.

तिसरं धुळ्याचं जेल. हसू नका. विनोबांनी १९३२ ला गीतेवरची प्रवचनं ह्याच जेलमध्ये दिली, २१ फेब्रुवारी ते १९ जून, दर रविवारी एक अध्याय, अठरा रविवार, आणि लिहून घेत होते साने गुरुजी, तेही तिथंच कैदी. आज ती पुस्तकं घराघरात आहेत पण जेल अजून जेलच आहे, तेव्हा रस्त्यावरूनच नमस्कार.

आणि गावात फिरताना बाबांना सांगा की रस्ते सरळ का आहेत. इंग्रज आल्यावर १८१८ नंतर कॅप्टन ब्रिग्जने नव्या पेठेची आखणी केली, म्हणून आमच्याकडे पत्ता अजून गल्ली नंबरने सांगतात. गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. जळगावसारखं "तिथून डाव्या हाताला वळा मग कोणालाही विचारा" असं नाही.

जळगावहून दोन-अडीच तास. एरंडोल, पारोळा वाटेतच. पारोळ्याचा भुईकोट गाडीतून उतरून बाहेरून बघा, डोंगर चढायचा नाही, सपाटीवरच आहे.

बडगीवाला

जळगावात पत्ता सांगायची गरज पडत नाही भो, माणूस सोबत येतो पोचवायला. 😎

पण वाग्देवता मंदिराचं मला खरंच माहीत नव्हतं. नोंद केली.

आता खायचं. ताई, भरीत. बाकी शेवभाजी, वरण-बट्टी, फौजदारी डाळ तुम्ही आठ महिन्यात खाल्लीच असेल, पण भरीत हॉटेलात नाही खायचं. हिवाळ्यात रस्त्याकडेला भरीत सेंटर लागतात, तिथं जा आणि ते करताना बघा. आपलं भरताचं वांगं वेगळं, पांढरट हिरवं, हातभर, बिया कमी. ते गॅसवर भाजलं तर त्यात काही अर्थ नाही. शेतातल्या वाळलेल्या कपाशीच्या काड्या पेटवायच्या, त्यावर वांग्यांचा ढीग घालायचा, साल काळी झाली की सोलायचं, आणि मग बडगीत घालून ठेचायचं. बडगी म्हणजे लाकडाची खोलगट कोरलेली. हिरवी मिरची, लसूण आधी ठेचून घेतात, मग वांगं, वरून कांद्याची पात, शेंगदाणे. बडगीच्या लाकडाला वर्षानुवर्षं तेल आणि मिरची मुरलेली असते, चव तिथून येते. मिक्सरमध्ये केलं तर ते वांग्याचं सूप होतं. सोबत कळण्याची भाकरी नाहीतर पुरी. माझं नाव बडगीवाला का ते आता कळलं असेल.

साताऱ्याची लेक

इथंच घोळ आहे. आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा. आई चंपाषष्ठीपर्यंत कांदा-वांगं खात नाही. चातुर्मास संपला तरी नाही. आणि ते येतायत दशमीला.

माहेर आसोदा

अगं मग नको देऊस. आमच्याकडेही बऱ्याच घरात चंपाषष्ठीला पहिलं भरीत होतं, त्या दिवशी देवाला दाखवून मग खातात. कार्तिकातच भरीत पार्ट्या करणारे हे बडगीवाल्यासारखे लोक. 😀 एकादशीला उपासच असेल तर केळी दे, जळगावात आहेस तू.

बडगीवाला

ताई, शेतात भरीत पार्टीला देव बघत नाही, धूर असतो.

जुनी पेठ

मला आईंचा मुद्दा पटतो. त्यांना भरीत नाही तरी कृती दाखवा. न खाता बघण्यात काही पाप नाही.

साताऱ्याची लेक

मंडळी, परवा आई-बाबांना गाडीत बसवून आले. सगळ्यांना सांगायचं होतं, जरा मोठं होईल.

दशमीला संध्याकाळी आले. दुसऱ्या दिवशी सकाळी काव्यरत्नावली चौक. बाबांना विचारलं, बालकवींना बालकवी हे नाव कुठं मिळालं? ते म्हणाले, "जळगावात. १९०७. कवी संमेलनात. का?" त्यांना सगळं पाठ. पण ते जळगाव म्हणजे हे जळगाव, समोर पाणीपुरीची गाडी लागलेली आणि आपण त्या गावात उभे आहोत, हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. चौकाचं नाव वाचलं आणि मग एकदम माझ्याकडे वळून, "आणि तू आठ महिने इथून जातेस?" मी सराफाच्या दुकानाचं सांगितलंच नाही. अजून सांगितलेलं नाही.

दुपारी रथ. ऑफिसमधल्या एका सरांच्या मामेबहिणीची गॅलरी मिळाली, दुसऱ्या मजल्यावर, आधी कधी तोंड पाहिलेलं नाही त्या बाईंचं आणि त्यांनी आईला पाट, पाठीला उशी, साबुदाण्याची खिचडी सगळं दिलं. बडगीवाले, तुम्ही सांगितलं नसतं तर मी रथाच्या वरच बघत बसले असते. आम्ही तिघंही खाली चाकाकडे बघत होतो. वळणावर एकाने मोगरी घातली आणि तो आवाज आला ना, आईने माझा दंड धरला तो रथ पुढं जाईपर्यंत सोडला नाही. नंतर बाबा भिलपुऱ्यापर्यंत चालत गेले. किती वाजता परत आले विचारू नका.

तिसऱ्या दिवशी वाडा आणि आसोदा. रिक्षावाला खरंच विद्यापीठाकडे निघाला होता!! "चौधरी वाडा, जुनं जळगाव" म्हटल्यावर म्हणाला मग असं सांगा ना. आसोद्यात पारावर बाबा बसले आणि त्यांना एका आजोबांनी विचारलं "कोठून आले?" एवढ्यावर सुरू झालं, दीड तास. बाबा शब्द विचारून वहीत लिहून घेत होते. आजोबांना वाटलं हे सरकारी सर्व्हेला आलेत, त्यांनी मध्येच पीकविम्याची तक्रार पण लिहून घ्यायला लावली. बाबांनी लिहून घेतली, आता ती वही साताऱ्यात आहे, आजोबांचं काय होणार देव जाणे.

भादलीला आम्ही पाच मिनिटंच थांबलो. रुळावर नाही उतरलो काका. बाबा काही बोलले नाहीत. एक मालगाडी गेली, तुम्ही म्हणालात तशी, लांबून हळू वाटत होती. येताना रिक्षात त्यांनी एक आख्खी कविता म्हटली, रिक्षावाल्याने वेग कमी केला.

धुळ्याला चौथ्या दिवशी गेलो, आणि हा दिवस जवळजवळ फुकट जाणार होता कारण मी सकाळी आठची गाडी म्हणून स्टँडवर नेलं आणि मी ज्या गाडीत बसवलं ती धुळ्याची नव्हतीच, पाटी न वाचता "धुळे धुळे" ऐकून चढले. एरंडोलला उतरून दुसरी धरली. चूक माझी, आईने आठवड्याला पुरेल एवढं ऐकवलं. त्यामुळे धुळ्यात हाताशी वेळ कमी उरला आणि एकच जागा निवडायची होती. बाबा म्हणाले वाग्देवता. रामदासांचं अक्षर बघून ते इतका वेळ वाकून उभे होते की आईला वाटलं पाठ धरली. राजवाडे मंडळ राहिलं. त्यामुळे फेब्रुवारीत परत येतायत, फक्त धुळ्यासाठी. लळिंगवाले, जिंकलात.

आता भरीत. आईने खाल्लं नाही. पण आसोद्याहून येताना रस्त्याकडेला एक सेंटर नुकतं सुरू झालेलं, तिथं तिने वीस मिनिटं उभं राहून सगळं बघितलं, त्या बाईंना शंभर प्रश्न विचारले, मिरची किती, पात कधी, वांगं गरम असताना की गार झाल्यावर. बाबा आणि मी तिच्यासमोर खाल्लं (बाबा खंडोबाचे नाहीत म्हणे, खंडोबा आईचा). आणि परत निघायच्या दिवशी ती एकटी रिक्षा करून गावात गेली आणि बडगी घेऊन आली. चांगली दीड हात, जड. महाराष्ट्र एक्स्प्रेसला बर्थखाली ती बसेना म्हणून बाबा ती मांडीवर घेऊन बसले, मी खिडकीतून बघितलं तर त्यात त्यांनी वही ठेवली होती.

काल फोन आला. बडगी धुवून, तेल लावून उन्हात ठेवलीय. वांग्यांचं मी चंपाषष्ठीच्या आधी येणाऱ्या कोणाबरोबर तरी पाठवीन. पण आई विचारतेय की आमच्याकडं सगळा ऊस आणि सोयाबीन, कपाशीच्या काड्या कुठून आणायच्या? सोयाबीनच्या काडावर चालेल का?

बडगीवाला

सोयाबीनच्या काडावर?? नाही नाही नाही. ताई, वांगी कधी पाठवताय ते सांगा, काड्यांची मोळी बांधून स्टेशनवर मी आणून देतो.